स्मारके, राजकीय : उभारणी व उच्चाटन

राजसत्तेचा वा विचारप्रणालीचा प्रभाव लोकमनावर ठसविण्यासाठी सार्वजनिक जागी उभारलेले पुतळे, स्तंभ व शिल्पे यांचा राजकीय स्मारकांत अंतर्भाव होतो. सत्तांतरानंतर ती हटविण्याची प्रथाही प्राचीन आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएट प्रभावाखालील पूर्व यूरोपात लेनिन व स्टालिन यांचे पुतळे शासनामार्फत उभारण्यात आले. बूडापेस्ट येथील स्टालिनचा भव्य पुतळा (१९५१) २३ ऑक्टोबर १९५६ रोजी उठावातील जमावाने पाडला. चौथऱ्यावर केवळ त्याचे बूट उरले. साम्यवादी राजवट संपल्यावर तेथील अनेक पुतळे शहराच्या सीमेवरील एका उद्यानात एकत्र ठेवण्यात आले (१९९३). युक्रेनने २०१५ मध्ये अशी स्मारके हटविण्याचा कायदा केला. भारतात त्रिपुरातील बेलोनिया येथील लेनिनचा पुतळा मार्च २०१८ मध्ये विधानसभा निवडणुकीच्या निकालानंतर पाडण्यात आला.

महाराष्ट्रात हा प्रश्न ब्रिटिश पुतळ्यांच्या संदर्भात उद्भवला. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या देणगीतून मुंबईत उभारलेल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यास (१८७२) दामोदर चाफेकरांनी १८९६ मध्ये डांबर फासले. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा (१८७९) व राणीचा पुतळा १९६५ मध्ये भायखळा येथे हलविण्यात आले. तथापि ‘काळा घोडा’ हे स्थलनाम टिकून राहिले आणि २०१७ मध्ये तेथे घोड्याचे नवे शिल्प बसविण्यात आले. त्यावर मात्र स्वार नाही.

पुतळा हटविण्याच्या मार्गाचा विचार गांधीजींनीही केला होता. १८५७ च्या उठावातील क्रौर्याबद्दल कुप्रसिद्ध असलेल्या जनरल नीलचा मद्रासमधील पुतळा काढावा, यासाठी १९२७ मध्ये झालेल्या सत्याग्रहास त्यांनी अहिंसेच्या अटीवर पाठिंबा दिला. १९३७ मध्ये तो पुतळा वस्तुसंग्रहालयात गेला.

वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे स्मारकाचे भिन्न स्वरूप आढळते. गांधीजी १९३६ मध्ये शेगाव या खेड्यात राहावयास आले; पुढे गावाचे नाव सेवाग्राम झाले (१९४०). तेथील बापूकुटी माती, बांबू व कौले अशा स्थानिक साहित्याची असून ती सत्तेचे प्रतीक म्हणून नव्हे, तर निवासासाठी बांधली गेली. अशी वास्तू वरचेवर सारवून, शाकारून व डागडुजी करूनच टिकते. ती पाडण्यास जमावाची गरज नाही. काही पावसाळ्यांची उपेक्षा पुरेशी आहे. धातूचा पुतळा लोकांची आस्था संपल्यावरही उभा राहू शकतो, मातीची कुटी राहू शकत नाही. त्यामुळे तिचे जतन ही लोकांच्या आस्थेची सततची कसोटी ठरते.