तट आणि मदरबोर्ड

नवा कॉम्प्युटर जुळवायचा, तर मी नगरकर आधी मदरबोर्ड पाहतो. सगळं राज्य त्याच्यावर, अन् तटाची किंमत आम्हांला ठाऊक! १५९६ साली मोगलांनी सुरुंग लावून नगरच्या किल्ल्याला खिंडार पाडलं. चांदबिबीनं ते रातोरात बुजवून घेतलं. बोर्डाला कुठली आलीय चांदबिबी? २००० नंतरच्या काही वर्षांत जगभर कितीतरी बोर्डांवरचे कपॅसिटर आतल्या सदोष द्रवामुळं पुरीसारखे टम्म फुगले अन् बोर्ड बसले. म्हणून दुकानदार बोर्डावरचे रंगीत दिवे दाखवू लागला, की मी म्हणतो, "रोषणाई गणपतीत पाहू, शेठ! कपॅसिटर घन पॉलिमरचे आहेत ना?" शिवाय पॉवर सप्लाय हलका घेत नाही. १६०० साली चांदबिबीला आपल्याच माणसांनी मारलं, अन् मग किल्ला पडला. तट शाबूत असला, तरी घरभेदी नको!