पतंगावरचा आकडा

तुम्हाला मैदान दिसत नाही. दिसतात त्या पाठी. घामाने अंगाला चिकटलेली कुडती, खांद्यावरचे पंचे, मिटलेल्या छत्र्या, आणि त्यापलीकडे पुन्हा पाठीच. शेजारच्या झाडाची एकही फांदी मोकळी नाही.

शनिवार, 29 जुलै 1911. श्रावण नुकताच लागलाय. कलकत्त्याचे लोक ज्याला ‘गडेर माठ’, म्हणजे किल्ल्याचं मैदान म्हणतात, तिथे तुम्ही दुपारपासून उभे आहात. फोर्ट विल्यमवर युनियन जॅक फडकतोय. आणि या पाठींच्या पलीकडे कुठेतरी, कलकत्ता फुटबॉल क्लबच्या मैदानावर, आयएफए शील्ड या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना सुरू होतोय. मोहन बागान विरुद्ध ब्रिटिश लष्कराची ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट.

एक बाजू गोऱ्या सभासदांसाठी राखीव आहे. तिकिटं मूळ किमतीच्या कित्येक पट भावाने विकली गेली. या सामन्यासाठी खास आगगाडी सोडलीय, हुगळीवर जादा स्टीमर लावल्यात. उद्या तारांमधून 80 हजारांचा आकडा जगभर जाईल. त्यातल्या बहुतेकांना तुमच्यासारखंच काही दिसत नाहीये. तरी कुणी घरी जात नाही.

तुम्ही पुण्याहून आलात असं समजू. लोकमान्य मंडालेच्या तुरुंगात आहेत. बाळू पालवणकर याच उन्हाळ्यात भारतीय क्रिकेट संघाच्या दौऱ्यावर इंग्लंडच्या मैदानांवर गोलंदाजी करताहेत. या दौऱ्यात त्यांचे बळी शंभरावर जातील. ते हजारो मैलांवर आहेत आणि तुम्ही इथे, पण छातीतली धडधड त्याच जातीची आहे.

शेजारचा माणूस तुमचा दंड धरतो आणि वर बोट दाखवतो. आकाशात पतंग आहे. पुढे, जिथून खेळ दिसतो तिथल्या लोकांकडून खबर येते, कुणीतरी कागदावर मोठ्या अक्षरांत आकडा लिहितं आणि पतंग वर चढवतं. मागच्यांसाठी सामना असा आकाशात चालू आहे. मध्यंतरापर्यंत आकडा शून्यावरच राहतो.

मग पुढून एक हुंकार येतो, आनंदाचा नाही. सार्जंट जॅक्सनने गोल केलाय. नवा पतंग वर जातो आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही कळतं, कारण वाचणारे गप्प झालेत.

तेवढ्यात समोरच्या दोन खांद्यांमध्ये फट पडते. क्षणभरच. पण त्या फटीतून तुम्हाला गवताचा एक तुकडा दिसतो आणि त्यावर एक पाय. अनवाणी. घोट्यापर्यंत माती, अंगठा जमिनीत रुतलेला, पोटरीची शीर ताणलेली. त्याच्या वीतभर अंतरावर लष्करी गोऱ्याचा जाड चामड्याचा बूट. मग फट मिटते. मोहन बागानच्या अकरांपैकी दहा जण असे अनवाणी खेळताहेत. बूट आहेत ते एकट्या रेव्हरंड सुधीर चॅटर्जींच्या पायात. याच पायांनी सेंट झेवियर्स, रेंजर्स आणि रायफल ब्रिगेडला हरवलं, मिडलसेक्स रेजिमेंटशी एकदा बरोबरी केली आणि पुन्हा खेळून त्यांना 3-0 ने नमवलं. पतंगावर जे मावत नाही ते तुम्ही त्या एका क्षणात पाहिलंत.

खेळ संपायला काही मिनिटं उरलेली असताना पुढची गर्दी उसळते. कर्णधार शिबदास भादुरी! पतंग चढायच्या आत बातमी तोंडातोंडी तुमच्यापर्यंत पोचते. बरोबरी. आता कुणीच वर बघत नाही. सगळे एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघताहेत. आणि अगदी शेवटी शेवटी अभिलाष घोषचा गोल. 2-1.

पुढचं धड सांगता येत नाही. छत्र्या, पादत्राणं, अंगातली कुडती हवेत. हिंदू-मुसलमान गळ्यात गळा घालून रडताहेत. भारतीयांच्या संघाने हे शील्ड आजवर कधी जिंकलं नव्हतं. सांगतात की त्या संध्याकाळी कुणीतरी किल्ल्यावरच्या निशाणाकडे बोट दाखवून विचारलं, ते कधी उतरणार? उत्तर मिळालं, मोहन बागान पुढच्या वेळी शील्ड जिंकेल तेव्हा. ही आख्यायिका आहे, तिचा साक्षीदार सापडत नाही. पण पुढचं शील्ड मोहन बागानने जिंकलं ते 1947 साली, ही मात्र नोंद आहे. डिसेंबर 1911 मध्ये बंगालची फाळणी रद्द झाली, त्याचंही श्रेय काही जण या विजयाला देतात. मला ते ओढूनताणून आणलेलं वाटतं. त्या संध्याकाळला असल्या टेकूची गरज नाही. ज्यांना खेळ दिसलाही नाही, त्यांचा तो विजय झाला, एवढंच पुरेसं मोठं आहे.

थोडं मागे या. 15 ऑगस्ट 1889, उत्तर कलकत्त्यात भूपेंद्रनाथ बसूंच्या घरी बैठक भरलीय. जवळच्या फडियापुकुरमध्ये ‘मोहन बागान व्हिला’ नावाची बाग असलेली हवेली आहे, तिच्या आवारात पोरं खेळतात, म्हणून क्लबचं नाव मोहन बागान स्पोर्टिंग क्लब. वर्षभराने प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राध्यापक रो सुचवतात की इथे शिकार नाही, मासेमारी नाही, मग ‘स्पोर्टिंग’ कशाला? तेव्हापासून ‘अ‍ॅथलेटिक’. नावातला एक शब्द इतक्या सहज बदलला, कुणाला दुखलं नाही. हे लक्षात ठेवा.

आता पुढे. 1920 मध्ये ईस्ट बेंगॉल क्लब निघतो, आणि देशाच्या फाळणीनंतर पूर्वेकडून आलेले निर्वासित त्याच्याभोवती गोळा होतात. मोहन बागान घोटींचा, म्हणजे पश्चिम बंगालच्या मूळ रहिवाशांचा; ईस्ट बेंगॉल बांगालांचा, म्हणजे पूर्वेकडून आलेल्यांचा. ईस्ट बेंगॉल जिंकला की बाजारात इलिश मासा महाग, मोहन बागान जिंकला की कोळंबी. पण 1911 च्या त्या अकरांपैकी बहुतेकांची मुळं पूर्व बंगालातली होती. ज्या पायांनी मोहन बागानला मोहन बागान केलं, ते पुढच्या हिशेबात पलीकडच्या बाजूचे ठरले असते. क्लबची ओळख रक्तात नसते, ती माणसं घडवतात. म्हणून ती बिघडवूही शकतात.

16 ऑगस्ट 1980. मोहन बागान विरुद्ध ईस्ट बेंगॉल. तुम्ही ईडन गार्डन्सच्या गॅलरीत आहात, आणि आज खेळ स्पष्ट दिसतो. दोन्हीकडचे पाठीराखे शेजारी शेजारी बसलेत. मैदानावर दोन खेळाडूंची चकमक होते, आणि पाहता पाहता गॅलरीत दगड उडू लागतात. लोक पायऱ्यांकडे धावतात. मागून रेटा येतो, समोरची पाठ तुमच्या छातीवर दाबली जाते, श्वास अडतो. 1911 सालच्याच त्या पाठी. तेव्हा त्यांच्या आधाराने तुम्ही उभे होतात. आज 16 जण घरी परतणार नाहीत. सामना बघायला आलेली माणसं. त्यांच्या स्मरणार्थ तिथले फुटबॉलप्रेमी 16 ऑगस्टला रक्तदान करतात. दंडातून निघालेल्या त्या पिशवीवर घोटी की बांगाल असं लिहिलेलं नसतं.

आणि शेवटचा मुक्काम आपल्या शेजारचा. 18 मार्च 2023, मडगावचं फातोर्डा स्टेडियम. इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना, समोर बंगळुरू एफसी. 2020 मध्ये मोहन बागानचा फुटबॉल संघ एका मोठ्या उद्योगसमूहाच्या एटीके संघाशी जोडला गेला. 80 टक्के वाटा समूहाचा, 20 टक्के क्लबचा. हिरवा-मरून रंग राहिला, बोधचिन्हातली शिडाची नाव राहिली, पण नावाच्या आधी तीन अक्षरं आली. पैशाशिवाय आजचा क्लब चालत नाही, हे पाठीराख्यांनाही कळत होतं. तरी तीन वर्षं ते म्हणत राहिले, ती अक्षरं काढा. 1890 मध्ये बदललेला शब्द बागेत खेळणाऱ्या पोरांचा होता. मधल्या काळात त्या नावासाठी 80 हजार माणसं पाठींकडे बघत उभी राहिली होती.

2-2. पेनल्टी. बंगळुरूचे फटके चुकतात आणि हिरवा-मरून कोपरा उठून उभा राहतो. करंडक हाती आल्यावर मालक जाहीर करतात, पुढच्या मोसमापासून संघाचं नाव मोहन बागान सुपर जायंट.

तुमच्या शेजारी कोलकात्याहून आलेला एक तरुण आहे. त्याने घरी व्हिडिओ कॉल लावलाय. पडद्यावर एका म्हाताऱ्याचा चेहरा, बहुधा बाबांचा. गोंगाटात त्यांना काही ऐकू येत नाही. ते सारखं काहीतरी विचारताहेत. तरुण हात पूर्ण ताणून, टाचा उंचावून फोन वर धरतो, मैदानाकडे वळवतो, मग खाली घेऊन तोंडाशी नेतो आणि ओरडून तेवढंच सांगतो, मोहन बागान, बाबा, नुसतं मोहन बागान.