निसाब: दोनशे बैतांची पुंजी

उर्दू शाळेत आपण अभ्यासक्रमाला ‘निसाब’ म्हणतो. जकातीतही निसाब असतो. चांदीचा निसाब दोनशे दिरहम. तेवढी पुंजी गाठीशी असली की जकात लागू होते. तेराव्या शतकात, आजच्या अफगाणिस्तानातल्या फराहच्या अबू नस्र फराहींनी मुलांना अरबी शब्द फारसीतून शिकवणारा पद्यकोश रचला. बैत दोनशे, म्हणून नाव ‘निसाबुस् सिब्यान’, मुलांचा निसाब. एवढं पाठ झालं की मूल शब्दांच्या बाबतीत मालदार!

हिंदुस्थानात याच घराण्यातली ‘खालिकबारी’. अरबी-फारसी शब्द आणि त्याला लागून हिंदवी शब्द. परंपरा तिचं श्रेय अमीर खुसरोंना देते. हाफिज महमूद शीरानींनी ती जहांगीरच्या काळातल्या झियाउद्दीन खुसरोंची मानली. तो वाद अभ्यासकांचा. शिक्षक म्हणून मला दिसतं ते वेगळंच: फारसी दरबाराची, हिंदवी चुलीजवळची, तरी दोघी एकाच ओळीत मांडीला मांडी लावून बसल्यात. मुलाच्या घरातला शब्द कुणी पुस्तकाबाहेर काढला नाही. गालिबनेही वाढवायला घेतलेल्या आरिफच्या मुलांसाठी ‘कादिरनामा’ लिहिला. तो १८५६ साली छापला गेला. फारसीचा एवढा अभिमान बाळगणारा हा शायर मुलांना फारसी शिकवताना मात्र उर्दूचं बोट धरतो.

या पुस्तकांत घोकंपट्टी होतीच. शब्द सुटे, वाक्यात फारसे न रुळलेले. ‘करीमा’ आणि ‘गुलिस्तान’ वाचायला घेतल्यावरच ते कामाला येत.

पण ओळखीच्या शब्दावरून अनोळखी शब्दाकडे जाण्याची वाट आपण का सोडली? आज पहिलीतलं मूल ‘नक्को’ किंवा ‘कायकू’ म्हणालं की आधी ‘गलत’ ऐकतं, मग ते गप्प बसतं. गप्प बसलेल्या मुलाला वाचायला शिकवणं किती अवघड, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. खरं तर दखनीतला हा ‘नक्को’ मराठीच्या ‘नको’चाच सख्खा. शिवाय मराठी शाळेतली शाई, हजेरी, खुर्ची, कागद हे सगळे अरबी-फारसीकडून आलेले. म्हणजे उर्दूच्या तासाला मूल रिकाम्या हाताने येतच नाही.

मी ‘दफ्तर’ शिकवताना मुलांच्या पाठीवरच्या दप्तराकडे बोट दाखवते. उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी. मग दप्तरात काय बसतं आणि दफ्तरात कोण बसतं, यावर अर्धा तास सहज जातो.