गाडी वळवताना खरखर का होते? दोष कसा ओळखावा आणि दुरुस्ती काय करावी

सरळ रस्त्यावर निमूट चालणारी कार वळताना खरखर, करकर किंवा कटकट करू लागली, तर दोष बहुतेक वेळा पुढच्या चाकांच्या आसपास असतो. चाक, ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शन यांचे भाग तिथे हातभर जागेत एकमेकांना जोडलेले असतात. त्यामुळे नुसत्या आवाजावरून बिघडलेला भाग सांगणे कठीण जाते. आवाज नेमका केव्हा येतो, हे पाहिले तर तो लवकर सापडतो. हे आधी पाहणे महत्त्वाचे आहे, कारण कधी आवाजाचे कारण अडकलेला लहानसा खडा असतो, तर कधी चाक निखळण्याचा धोका असतो.

गाडी उभी असताना आवाज

इंजिन चालू ठेवून, गाडी जागेवरच उभी असताना स्टिअरिंग दोन्ही बाजूंना फिरवावे. करकर किंवा स्प्रिंग उडाल्यासारखा 'टण्ण' आवाज आला, तर शॉकअब्सॉर्बरच्या वरच्या माउंटिंगवर किंवा तिथल्या बेअरिंगवर संशय घ्यावा. खड्ड्यांचे धक्के, पाणी आणि धूळ यांनी ते झिजते. ते बदलताना दाबलेली स्प्रिंग मोकळी करावी लागते. ती उसळली तर गंभीर इजा होऊ शकते, म्हणून हे काम घरी करू नये.

स्टिअरिंग फिरवताना बॉनेटखालून घरघर किंवा कण्हल्यासारखा आवाज येत असेल आणि पॉवर स्टिअरिंग तेलावर चालणारे असेल, तर टाकीतील तेलाची पातळी पाहावी. ती कमी असेल, तर गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेलेच तेल भरावे आणि गळती शोधावी. स्टिअरिंग शेवटपर्यंत वळल्यावर क्षणभर आवाज येणे अशा गाड्यांत नेहमीचे आहे. मात्र ते तसेच ताणून धरू नये, पंपावर ताण येतो. आजच्या बहुतेक लहान गाड्यांत पॉवर स्टिअरिंग विजेवर चालते, त्यात हे तेल नसते.

हळू वेगात, पूर्ण वळणावर आवाज

मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून, थोडा ॲक्सिलरेटर देत आधी डावीकडे आणि मग उजवीकडे गोल फिरावे. चाकाच्या वेगाबरोबर वाढणारी कटकट ऐकू आली, तर सीव्ही जॉइंट झिजलेला असण्याची शक्यता मोठी असते. बहुतेक लहान गाड्यांत इंजिनची ताकद पुढच्या चाकांना मिळते आणि वळतातही तीच चाके. त्यामुळे शाफ्टला फिरता फिरता वाकावे लागते. हे काम सीव्ही जॉइंटमधल्या गोळ्या करतात. त्यांच्याभोवती ग्रीस आणि बाहेरून रबरी बूट असतो. बूट फाटला की ग्रीस उडून जाते आणि चिखल-वाळू आत शिरते.

बूट फाटला आहे, पण आवाज सुरू झालेला नाही, अशा वेळी जॉइंट साफ करून नवे ग्रीस आणि नवा बूट बसवला तर काम स्वस्तात भागते. कटकट सुरू झाल्यावर ग्रीस भरून उपयोग होत नाही. जॉइंट किंवा पूर्ण ड्राइव्ह शाफ्ट बदलावा लागतो.

पूर्ण वळणावर फक्त घासल्याचा आवाज येत असेल, तर टायर आतल्या प्लॅस्टिक लायनरला लागतो का, ते पाहावे. लायनरची क्लिप निघणे किंवा मापापेक्षा रुंद टायर बसवणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. जुन्या पद्धतीच्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत मात्र कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाकांचा गिअर लागलेला राहिला, तरी वळताना गाडी अडखळते आणि आवाज करते. अशा वेळी टू-व्हील ड्राइव्हवर यावे.

वेगात, बाकदार वळणावर आवाज

गाडी ४०-५० किलोमीटर वेगात असताना घुमल्यासारखी घरघर येते आणि वळणावर ती वाढते किंवा कमी होते, हे चाकाच्या बेअरिंगचे लक्षण आहे. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकांवर जाते. तेव्हा आवाज वाढला, तर आधी डावे बेअरिंग तपासावे. डावीकडे वळताना वाढला, तर उजवे. सीलबंद बेअरिंगमध्ये ग्रीस भरता येत नाही, ते बदलावेच लागते.

ब्रेकशी संबंधित आवाज

ब्रेक दाबल्यावर खरखर वाढली, तर पॅड संपून धातू डिस्कवर घासत असू शकतो. पॅड एकाच चाकाचे न बदलता डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे बदलावेत. डिस्कची जाडी किमान मर्यादेपेक्षा कमी झाली असेल, तर तीही बदलावी लागते. ब्रेक न दाबताही पत्रा घासल्यासारखा आवाज येत असेल, तर डिस्कमागच्या पातळ पत्र्यात खडा अडकलेला किंवा पत्रा वाकलेला असू शकतो. कच्च्या रस्त्यावरून आल्यावर हे हमखास दिसते. खडा काढून पत्रा सरळ केला की आवाज थांबतो.

चाक उचलून तपासणी

गाडी सपाट जागी लावून हँडब्रेक ओढावा आणि मागच्या चाकांना दगड लावावेत. मगच पुढचे चाक जॅकवर उचलावे. चाक वर आणि खाली धरून हलवल्यावर खेळ जाणवला, तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट सैल आहे. डावी-उजवीकडे धरून खेळ जाणवला, तर टाय रॉड एंड पाहावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. स्टिअरिंग किंवा सस्पेन्शनचा भाग बदलल्यावर व्हील अलाइनमेंट तपासून घ्यावे.

गाडी कधी चालवू नये

चाकाला खेळ असेल, स्टिअरिंग अडकत असेल, ब्रेक दाबल्यावर धातू घासत असेल किंवा थोडे अंतर जाऊन एकच चाक खूप तापत असेल, तर गाडी टो करूनच गॅरेजला न्यावी. घाटातून प्रवास ठरला असेल, तर तो पुढे ढकलावा.

गॅरेजमध्ये 'पुढून आवाज येतो' एवढेच सांगितले, तर अंदाजाने एकेक भाग बदलला जाण्याची शक्यता असते. वेग किती होता, गाडी कोणत्या बाजूला वळत होती, ॲक्सिलरेटर दिलेला होता की ब्रेक दाबलेला, हे सांगावे आणि मेकॅनिकला शेजारी बसवून एक फेरी मारावी. काढलेला जुना भागही पाहायला मागावा.