राखण: बंदूक, कुत्रा आणि माणूस

मालाड पूर्वेच्या वस्त्या राष्ट्रीय उद्यानाला टेकल्या आहेत. तेथे घराच्या राखणीसाठी बंदूक बरी की कुत्रा, हा विषय निघाला की आम्हांस १८३२ हे साल आठवते.

त्या फेब्रुवारीत पुण्यात उमाजी नाईकांना फाशी देण्यात आली. पुरंदरची राखण हे रामोश्यांचे वंशपरंपरागत काम. पुढे ते गेले आणि राखणदार बंडखोर ठरला. त्याच जूनमध्ये मुंबईच्या कोटात सरकारी हुकमाने भटकी कुत्री मारली जाऊ लागली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला. १८७८च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना सक्तीचा केला; युरोपीयांना मात्र सूट दिली. स्वतंत्र भारताच्या १९५९च्या कायद्याने परवाना सर्वांसाठी कायम ठेवला.

परवान्याची बंदूक मोजक्यांकडेच, उरला कुत्रा. पण उद्यानातील बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. म्हणजे दारचा राखणदारच सावज!

आमच्या मते खरा प्रश्न साधनाचा नाही, माणसाचा आहे. रामोश्याच्या राखणीला गावाकडून हक्क मिळे. फाटकावरच्या वॉचमनला आपण केवळ पगार देतो.