कुकडीत सोडलेले कागद

जुन्नरच्या आमच्या जुन्या घरात एक पत्र्याची पेटी होती. दादा गेले त्या वर्षी घराची आवराआवर झाली, तेव्हा मी अकरावीत होतो. पेटीतून पिवळ्या पडलेल्या कागदांचं गाठोडं निघालं. त्यातले मोडी कागद रद्दीवाल्याकडे गेले. बाकीच्यांवर अरबी वळणाची अक्षरं होती. दादीनं ते डोळ्यांना लावले आणि म्हणाली, “बेटा, ये पाक कागजां हैं. पैरां में नको आने देऊ. नदी में ठंडे कर के आ.” मी सायकलवर गाठोडं घेऊन गेलो आणि अदबीनं ते कुकडीत सोडलं. सवाबचं काम झालं, या समाधानात घरी आलो.

पुढे बीएडसाठी पुण्यात असताना एका प्रदर्शनात आदिलशाहीतले जुने कागद पाहिले. लांबट, अरुंद. वर फारसी मजकूर, खाली तोच मोडीत, बाजूला शिक्का. पाहताक्षणी पोटात गोळा आला. आमच्या पेटीतले काही कागद असेच दिसत होते. वर अल्लाहचं नाव असेलही, पण खाली काय होतं? इनाम, खरेदीखत, की एखादा तंटा? आता ते कधीच कळणार नाही.

आमचं घराणं कागद्यांचं. कागद करणारे म्हणून कागदी. जुन्नरचा हातकागद एके काळी नावाजलेला होता. पेशवाईची दप्तरं अशाच हातकागदावर लिहिली गेली आणि पुण्यातही कागदीपुरा वसला. चिंध्या आणि ताग चुन्यात भिजवायचे, कुटायचे, नदीच्या पाण्यात धुवायचे. हौदातला लगदा जाळीवर उचलायचा, ताव भिंतीवर वाळवायचे, खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडानं घोटायचे. गिरणीचा कागद आला आणि हा धंदा बसला. ज्यांनी दुसऱ्यांच्या इतिहासासाठी कागद पुरवला, त्यांच्या घरात स्वतःचा कागद उरला नाही. आणि तो कुणा शत्रूनं जाळला नाही, आम्हीच श्रद्धेनं पाण्यात सोडला.

जुन्नर म्हटलं की लोकांना शिवनेरी आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद यानं १४९०मध्ये कारभार सुरू केला तो याच गावातून. मलिक अंबरनं काही काळ इथेच राजधानी ठेवली होती. या मातीत आपणही आहोत, हे सांगायला भाषण पुरत नाही, कागद लागतो.

ग. ह. खरे यांच्यासारखे संशोधक मुद्दाम फारसी शिकले आणि दख्खनची फारसी साधनं त्यांनी छापून ठेवली. आमच्या घरात मात्र फारसी आणि कुराणाचं पान यांतला फरक सांगणारं कुणी उरलं नव्हतं. मी उर्दू शिकलो होतो, तरी ते घसटीचं लिखाण वाचायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. तो दोष दादीचा नाही, माझा आहे.

एक कागद मात्र वाचला. जुन्या आरशाच्या पाठीमागे तो टेकू म्हणून घातलेला होता. मोडी शिकवणाऱ्या एका गुरुजींनी तो लावून दिला. घराच्या भिंतीबद्दलचा करार होता. सालापाशी गुरुजी वाचू लागले, “समान अशर मयातैन व अलफ.” ऐकता ऐकता मी बोटं मोजू लागलो. समान म्हणजे आठ, अशर दहा, मयातैन दोनशे, अलफ हजार. शुहूर सन १२१८, म्हणजे इसवी सन १८१७-१८. पेशवाई बुडाली ते वर्ष! अक्षर मोडी, भाषा मराठी, आकडे अरबी. गुरुजींना अक्षर येत होतं, मला आकडे. तो कागद दोघांनी मिळूनच वाचला.

वर्गात हा किस्सा सांगितला, की मी मुलांना एक काम देतो. घरातल्या थोरांना विचारून चार पिढ्यांची नावं लिहून आणा. मुलं आजोबा, पणजोबा आणतात. पणजीचं नाव बहुतेकांना येत नाही. आमच्या शिजऱ्यातही एकाही बाईचं नाव नाही. ज्या बायकांनी चिंध्या निवडल्या, त्या कुठे गेल्या?

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. जुना कागद दिसला तर तो ठंडा करण्याआधी जाणकाराला दाखवा. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. फोटो काढा, सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. जुन्या फोटोंच्या मागे पेन्सिलीनं नावं लिहा. आणि आजीला तिच्या आईचं नाव आजच विचारा.

माझी दादी आता नाही. तिच्या आईचं नाव विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.