डुप्लिकेट कॉन्टॅक्ट मर्ज कसे करायचे? कॉम्प्युटरवरच्या डेटाबेससाठी स्टेप बाय स्टेप माहिती

फोनमध्ये एकाच माणसाचे दोन-तीन कॉन्टॅक्ट असतील, तर काम सोपं आहे. गुगल कॉन्टॅक्ट्समध्ये ‘मर्ज अँड फिक्स’ आहे. आयफोनमध्ये आयओएस १६ पासून कॉन्टॅक्ट्स ॲप स्वतःच डुप्लिकेट दाखवतं. पण तीच यादी कॉम्प्युटरवर लिब्रेऑफिस बेस किंवा मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये असेल, आणि त्या यादीला दुसरी टेबलं जोडलेली असतील, तर एका बटणावर भागत नाही.

पनवेलमधल्या आमच्या ट्रेकिंग ग्रुपची यादी मी अशीच बेसमध्ये सांभाळतो. त्यात दोन टेबलं आहेत. ‘सदस्य’मध्ये नाव, मोबाइल, रक्तगट आणि घरचा इमर्जन्सी नंबर, ‘ट्रेक’मध्ये कोण कधी कर्नाळ्याला किंवा प्रबळगडाला आलं आणि पैसे भरले का, याची नोंद. चुकीचे दोन सदस्य एकत्र झाले, तर गडावर कोणाचा पाय मुरगळल्यावर फोन भलत्याच घरी जाईल. म्हणून या लेखाचा मुद्दा एकच: मर्ज म्हणजे डिलीट नाही. आधी माणूस तोच आहे याची खात्री, मग माहिती एकत्र, आणि डिलीट सगळ्यात शेवटी.

## डुप्लिकेट नोंदी का तयार होतात?

१. नंबर लिहिण्याच्या पद्धती. एकच मोबाइल नंबर कोणी नुसते १० अंक लिहून सेव्ह करतं, कोणी आधी ० लावून, कोणी +९१ लावून. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी ० लावावा लागतो, त्यामुळे ऑफिसच्या याद्यांमध्ये ०वाले नंबर भरपूर सापडतात. कॉम्प्युटरसाठी हे तिन्ही वेगळे.

२. लँडलाइन. पनवेलचा एसटीडी कोड मुंबईसारखाच ०२२. इथली माणसं आपसात नुसते ८ अंक देतात, बाहेरच्यांना कोडसकट देतात. झाल्या दोन नोंदी.

३. नावाचं स्पेलिंग. एकदा मराठीत, एकदा इंग्रजीत, एकदा आडनाव आधी. मराठीत तर आणखी एक गंमत आहे. ‘ॲड.’ आणि ‘अॅड.’ दिसायला सारखे, पण आतून वेगळे. पहिल्यात ‘ॲ’ हे एकच अक्षर आहे, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं. दुसऱ्यात ‘अ’ वर वेगळा चंद्र टाकलाय. डोळ्यांना फरक दिसत नाही, कॉम्प्युटरला दिसतो. तुमच्या यादीत वकील असतील, तर हे नक्की तपासा.

## सारखं दिसतं म्हणजे तेच नाही

उलट चूक जास्त महागात पडते. पनवेल-उरण भागात म्हात्रे, पाटील, घरत, ठाकूर ही आडनावं इतकी आहेत की एकाच नावाचे दोघं एकाच ग्रुपमध्ये असणं अगदी साधी गोष्ट आहे. त्यामुळे नुसत्या नावावरून मर्ज करायचं नाही.

नुसत्या नंबरवरूनही नाही. आई आणि मुलगा एकच नंबर देतात. शिवाय बंद पडलेला मोबाइल नंबर ९० दिवस तरी कोणाला मिळत नाही, पण त्यानंतर तो दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. म्हणजे पाच वर्षांपूर्वीची नोंद आणि आजची नोंद यांत नंबर एकच, माणसं दोन!

माझा नियम साधा आहे: किमान दोन खुणा जुळल्या पाहिजेत. नंबर आणि पहिलं नाव, किंवा नाव आणि जन्मतारीख. एकच खूण जुळली तर सरळ फोन करून विचारायचं.

## मर्ज करण्याची पद्धत

स्टेप १: बॅकअप. डेटाबेसची फाइल बंद करा, कॉपी करा आणि कॉपीच्या नावात आजची तारीख टाका. गुगल कॉन्टॅक्ट्समध्ये ३० दिवसांपर्यंत मागे जाता येतं. तुमच्या कॉम्प्युटरवरच्या फाइलला ती सोय नाही.

स्टेप २: कामाची यादी. सदस्य क्रमांक, नाव आणि नंबर एवढेच कॉलम कॅल्क किंवा एक्सेलमध्ये घ्या. नंबरचा कॉलम ‘टेक्स्ट’ ठेवा, नाहीतर सुरुवातीचा ० उडतो आणि ९१ लावलेले लांब नंबर विचित्र दिसायला लागतात. मूळ डेटाबेसला अजून हात लावायचा नाही.

स्टेप ३: नंबर एकसारखे करा. बाजूला नवीन कॉलम घ्या. ‘सबस्टिट्यूट’ फॉर्म्युल्याने स्पेस आणि डॅश काढा, मग ‘राइट’ने शेवटचे १० अंक घ्या. ० आणि +९१ आपोआप गळतात. पनवेलच्या ८ अंकी लँडलाइनला आधी २२ जोडा. अलिबागसारख्या गावाचा कोड वेगळा (०२१४१), तिथे २२ लावू नका. परदेशातले नंबर मात्र वेगळे काढा. अमेरिकेतले नंबरही १० अंकी असतात, त्यामुळे उगाच जोड्या जुळू शकतात.

स्टेप ४: जोड्या शोधा. ‘काउंटइफ’ लावून जो नंबर एकापेक्षा जास्त वेळा येतो तो शोधा आणि त्या कॉलमवर सॉर्ट करा. संशयित नोंदी एकाखाली एक येतात. नंतर नावावर सॉर्ट करून पुन्हा एक नजर टाका, कारण नंबर बदललेली माणसं नंबरवरून सापडत नाहीत.

स्टेप ५: खूण करा, खोडू नका. प्रत्येक जोडीपुढे ‘तोच’, ‘वेगळा’ किंवा ‘विचारायचं’ असं लिहा. २०२५ च्या अखेरीस नगरपरिषद निवडणुकांच्या वेळी राज्य निवडणूक आयोगाने हेच तत्त्व वापरलं होतं. संभाव्य दुबार मतदाराच्या नावापुढे दोन तारे लावायचे आणि मतदान कुठे करणार हे त्यालाच विचारायचं. सारखेपणा ही फक्त शंका असते. उत्तर माणूसच देतो.

स्टेप ६: एक मुख्य नोंद ठरवा. समजा सदस्य क्रमांक ८७ आणि २१२ एकच माणूस निघाला. ज्या नोंदीला जास्त जुना इतिहास जोडलेला आहे, ती मुख्य ठेवा; इथे ८७. २१२ मधली जास्तीची माहिती ८७ च्या रिकाम्या रकान्यांत भरा. दोन्हीकडे माहिती आहे पण वेगळी आहे (उदा. रक्तगट), तर अंदाज नको. विचारा. जुना मोबाइल नंबर ‘दुसरा नंबर’ म्हणून ठेवा.

स्टेप ७: जोडलेल्या नोंदी हलवा. इथेच बहुतेक लोक अडकतात. ‘ट्रेक’ टेबलमध्ये माणसाचं नाव नसतं, फक्त सदस्य क्रमांक असतो. त्यामुळे जिथे २१२ आहे तिथे ८७ करायला हवं. बेसमध्ये ‘टूल्स’ मेनूतल्या ‘एसक्यूएल’मधून अपडेटची एक ओळ पुरते, ॲक्सेसमध्ये ‘अपडेट क्वेरी’ आहे. हे न करता २१२ डिलीट केला आणि टेबलांच्या नात्यात ‘कॅस्केड डिलीट’ चालू असेल, तर त्या माणसाचे ट्रेक आणि पैसे भरल्याच्या नोंदीही सोबत जातील.

स्टेप ८: लगेच डिलीट नको. ‘सदस्य’मध्ये ‘विलीन’ नावाचा कॉलम जोडा आणि २१२ पुढे ८७ लिहा. रोजच्या यादीत ‘विलीन’ रिकामा असलेल्याच नोंदी दाखवा. आधी आणि नंतर ‘ट्रेक’मधल्या ओळींची संख्या आणि पैशांची बेरीज जुळवून बघा. दोन-तीन महिने तक्रार आली नाही, की मग २१२ काढा.

## पुन्हा होऊ नये म्हणून

नवीन सदस्य घेताना नंबर आधी यादीत शोधा आणि नेहमी १० अंकांतच लिहा. नुसत्या नंबरवर ‘युनिक’ची अट लावू नका, नाहीतर आईच्या नंबरवर मुलाचं नाव जोडताच येणार नाही. नंबर आणि पहिलं नाव मिळून युनिक ठेवा. नाव मराठीत की इंग्रजीत, हेही एकदाच ठरवून टाका.

मोठी यादी एका बसणीत संपवायला जाऊ नका. ‘तोच’ लिहिलेल्या जोड्या आधी उरका, ‘विचारायचं’वाल्यांना रोज दोन-चार फोन करा. उत्तर मिळेपर्यंत त्या दोन्ही नोंदी तशाच राहू द्या. यादीत एक नाव दोनदा असलं तर फार तर एक फोन जास्त होतो. दोन माणसांची एक नोंद झाली, तर त्यातला एक जण यादीतून गायब होतो.